शिवडीच्या किनाऱ्याचीं तीन पानें

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर परळाला लागून असलेल्या शिवडी गांवाचें नांव इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतें. इंग्रजांनीं सन १६८० च्या सुमारास तेथें एक लहानसा किल्ला बांधला, आणि सन १६८९ मध्यें जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याच किनाऱ्यावर सैन्य उतरवून मुंबईवर चालून आला, एवढ्या दोन गोष्टी सांगून इतिहासकार बहुधा पुढें जातात. परंतु राजे आणि सेनापति यांच्या इतिहासाखालीं आणखी एक इतिहास दडलेला असतो. तो माणसाचा व त्याच्या भोंवतालच्या जीवांचा होय. शिवडीस तो आजहि वाचतां येतो. त्याचीं तीन पानें असून त्यांवर तीन प्राण्यांचीं नांवें आहेत: घोडा, उंदीर आणि रोहित पक्षी.

पहिलें पान घोड्याचें. शिवडीच्या एका धक्क्यास ‘हे बंदर’ असें नांव आहे. मराठी माणसास तें ऐकून गंमत वाटते. पण त्यांतील ‘हे’ म्हणजे इंग्रजी भाषेंतील वाळलें गवत. ज्या काळीं वाफ व वीज यांनीं शहराचीं सारीं ओझीं उचललीं नव्हतीं, त्या काळीं मुंबई जनावरांच्या पाठीवर चालत असे. सन १८७४ मध्यें सुरू झालेली ट्राम सन १९०५ पर्यंत घोडेच ओढीत होते. बग्ग्यांचे घोडे, खटाऱ्यांचे बैल, गोठ्यांतील गाई-म्हशी, या सर्वांच्या तोंडीं पडणारें गवत बाहेरूनच आणावें लागे. शहराने जनावरास राबविलें हें खरें. पण जनावराच्या पोटासाठीं शहरासहि गवताचें बंदर ठेवावें लागलें.

दुसरें पान उंदराचें, आणि तें काळ्या शाईनें लिहिलेलें आहे. घोडा माणसानें आणला होता. उंदीर मात्र न बोलावतां आला. बंदरावर धान्याचीं कोठारें वाढलीं, त्यांच्याशेजारीं दाट वस्तीच्या चाळी उठल्या, आणि दोहोंच्या मध्यें उंदरांचें राज्य झालें. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. लोकांत भय पसरलें. लाखों माणसें शहर सोडून गेलीं. सरकारानें घरें उघडीं टाकलीं, भिंतींस चुना फांसला, रोग्यांस बळजबरीनें हलविलें. तथापि, रोग कोणत्या वाटेनें येतो तें कोणासच उमगलें नव्हतें.

त्याचें उत्तर शिवडीच्या शेजारींच, परळास शोधलें गेलें. डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनीं प्लेगची लस तयार करून दिनांक १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. सन १८९९ मध्यें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें आली. तिलाच सन १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट असें म्हणूं लागले. फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनीं सन १८९८ मध्यें कराचीस असें दाखविलें कीं, उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक होय. प्रथम या मतावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाहीं. पुढें मुंबईंतच डॉ. लिस्टन यांनीं उंदीर मेलेल्या घरांत गिनीपिग सोडून पाहिले. त्यांच्या अंगावर उंदरांच्याच पिसवा सांपडल्या. अन्न उघडें टाकणारा माणूस, तें खाणारा उंदीर आणि उंदीर मरतांच नवा आश्रय शोधणारी पिसू अशी ती सांखळी होती. तिचें पहिलें टोंक माणसाच्याच हातीं होतें. याच संस्थेंत पुढें घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील औषध तयार होऊं लागलें, आणि पहिल्या पानावरील घोडा माणसाचे प्राण वांचविण्यासाठीं पुन्हां उभा राहिला.

तिसरें पान रोहित पक्ष्याचें. शिवडीची खाडी उथळ. ओहोटी लागली कीं मैलभर चिखल उघडा पडतो, भोंवतीं तिवरांचीं झुडपें. कोळी त्यांत निवट्या व खेकडे धरीत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या आरंभास या चिखलांत रोहित पक्ष्यांचे थवे दिसूं लागले. हा पक्षी चोंच उलटी करून पाणी गाळतो आणि त्यांतील सूक्ष्म शेवाळ खातो; त्याचा गुलाबी रंगहि त्या आहारांतूनच येतो. कच्छच्या रणांत त्याची वीण होते. तेथें सन १९४५ मध्यें डॉ. सालिम अली यांनीं मोठ्या रोहितांची संख्या सुमारें पांच लाख अंदाजिली होती. शिवडी-ठाण्याच्या खाडींत मुख्यतः लहान जातीचे रोहित येतात, आणि अलीकडच्या गणनांत त्यांची संख्या लाखावर गेली आहे.

ते येथें कां आले? शहराचें सांडपाणी खाडींत उतरतें, त्यानें शेवाळ माजतें, आणि तें पक्ष्यांचें अन्न होतें, हें एक प्रमुख कारण मानितात. म्हणजे ज्या अस्वच्छतेनें एके काळीं प्लेग आणला, तिच्याच नव्या रूपानें या किनाऱ्यास गुलाबी थवे आणले. मात्र यावरून घाण हितकर असें कोणीं समजूं नये. जें पाणी शेवाळ वाढवितें, तेंच कारखान्यांचीं विषेंहि वाहून आणतें.

सन २०१५ मध्यें ठाणे खाडीचा कांहीं भाग रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य ठरला, आणि सन २०२२ मध्यें त्यास रामसर करारान्वयें जागतिक मान मिळाला. पण शिवडीचा चिखल त्या सीमेच्या बाहेरच राहिला. याच चिखलावरून सुमारें २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतु दिनांक १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला. पक्ष्यांस त्रास कमी व्हावा म्हणून त्याच्या कडेस ध्वनिरोधक भिंती उभारल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत घाटकोपरजवळ एका विमानावर थवा आदळून सुमारें चाळीस रोहित मेले.

घोडा माणसानें स्वतः आणला होता, म्हणून त्याच्या गवताची सोय झाली. उंदराकडे दुर्लक्ष केलें, त्याचें मोल हजारों प्राणांनीं चुकवावें लागलें. रोहित हा तिसरा. त्याला कोणीं बोलाविलें नाहीं आणि तो कांहीं मागतहि नाहीं. ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा चिखल तेवढा त्यास पुरतो. मुंबईनें आपला बराचसा विस्तार समुद्र हटवून साधला आहे. तिला आणखी थोडी भर टाकणें अवघड नाहीं. परंतु भरलेली खाडी पुन्हां खाडी होत नाहीं. तिसऱ्या पानाचा शेवट कसा लिहावयाचा, हें अद्याप शहराच्याच हातीं आहे.