विजापूर : दोन दिवस, पायी

मराठी माणसाच्या मनात विजापूर एका वाक्यात मावते. अफझलखान तिथून निघाला होता. शाळेच्या पुस्तकात आदिलशाही भेटते ती शत्रूची बाजू म्हणून. आपल्या मोहल्ल्यांत मात्र तेच विजापूर म्हणजे गोलघुमट, गेलेल्या वैभवाची आठवण. एकीकडे राग, दुसरीकडे अभिमान, आणि दोन्हीकडे शहर पाहायचे राहून जाते. म्हणून सुचवावेसे वाटते, की एखादा शनिवार-रविवार काढा आणि विजापूर पायी फिरा.

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. होटगीमार्गे रेल्वे आहे, एसटीही आहे. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव विजयपुरा झाले. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जुन्या शहराभोवती सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट आहे आणि बहुतेक इमारती त्याच्या आतच आहेत. पूर्वेला स्टेशनाजवळ गोलघुमट, पश्चिमेला तटाबाहेर इब्राहिम रोजा. दोन दिवसांत हे अंतर निवांत चालून होते. पाय दुखलेच तर टांगा आहे.

सुरुवात गोलघुमटापासून करावी, तीही सकाळी लवकर. ऊन चढले की घुमटाखाली आरोळ्या देणाऱ्यांची गर्दी होते. मुहम्मद आदिलशाहचा हा मकबरा. तो १६५६ मध्ये वारला आणि इथे दफन झाला. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत आधाराला एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी चौकोनी दालनाला वर आठ कोनी करत नेतात आणि त्यावर घुमट बसतो. आवाज किती वेळा घुमतो हे गाइड सांगतोच. बांधणाऱ्याचे नाव मात्र आपणच विचारावे लागते. परंपरेने ते ‘दाभोळचा याकूत’ असे सांगितले जाते. दाभोळ म्हणजे आपल्या कोकणातले, त्या काळी आदिलशाहीचे बंदर. ज्या मुहम्मद आदिलशाहच्या कारकिर्दीत हा घुमट उभा राहिला, त्याच्याच चाकरीत शहाजीराजे १६३६ मध्ये आले आणि पुढे कर्नाटकात त्यांनी मोठी जबाबदारी सांभाळली.

तिथून नैऋत्येला चालत गेले की जामा मशीद लागते. साधी, भव्य, मनाला शांत करणारी. तिचा इतिहास मात्र तितका शांत नाही. १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. राजधानी लुटली गेली, उद्ध्वस्त झाली. आज हंपीत जे भग्नावशेष दिसतात ते त्यातूनच आले. या विजयानंतर विजापूरच्या हाती पैसा आणि प्रदेश आला आणि पहिल्या अली आदिलशाहने मशिदीचे काम काढले. हे लपवायचे कारण नाही. पण याच अलीने काही वर्षे आधी रामरायाशी दोस्ती करून अहमदनगरच्या निजामशाहवर स्वारी केली होती. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा तो सांत्वनाला विजयनगरला गेला होता, असे फरिश्ता लिहितो. मग रामराया डोईजड वाटू लागला तेव्हा त्याने निजामशाहशी सोयरीक केली. चांदबीबी अहमदनगरहून विजापूरची सून झाली ती या तहात. दोस्ती आणि दुश्मनी धर्म पाहून ठरत असती तर हा हिशेब जुळलाच नसता.

मशिदीकडून किल्ल्याच्या दिशेने जाताना मेहतर महाल लागतो. त्याच्या सज्ज्याखालचे दगडी नक्षीकाम लाकडात कोरल्यासारखे आहे. पुढे असार महाल, आणि मग अर्किल्ला, म्हणजे आतला बालेकिल्ला. इथे गगन महालाची प्रचंड कमान उभी आहे. राज्यकारभार इथून चालायचा, आणि तो कोणत्या भाषेत चालायचा हे मराठी वाचकाने समजून घ्यावे. पहिल्या इब्राहिमने सोळाव्या शतकाच्या मध्यास महसुलाचे हिशेब फार्सीतून काढून देशी भाषेत आणले. त्यामुळे दफ्तरात मराठी जाणणाऱ्यांचे, विशेषतः ब्राह्मण कारकुनांचे, महत्त्व वाढले. अर्किल्ल्याच्या खंदकाकाठी नरसोबाचे देऊळ आहे. दुसरा इब्राहिम तिथे दर्शनाला येत असे, असे लोक सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्याचा ‘किताब-ए-नौरस’ हा संगीतावरचा ग्रंथ आहेच, आणि त्यात सरस्वतीचे स्तवन आहे. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणायची.

उत्तरेला बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशाहचा हा मकबरा अर्धवटच राहिला. अली १६७२ मध्ये वारला. त्याच्या दरबारात नुसरती दख्खनी भाषेत लिहीत होता. छत नसलेल्या त्या काळ्या कमानींखाली आता मुले बसलेली असतात.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे वळावे. तटाच्या बुरुजावर मलिक-ए-मैदान ही तोफ आहे. हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे तोंड, वजन सुमारे ५५ टन. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला आली. तोफेवर कोरलेल्या मजकुरात औरंगजेबाच्या विजयाचीही नोंद आहे. विजापूर समजायचे तर तिथे थोडे थांबावे.

१६८५ च्या एप्रिलमध्ये मुघल फौजांनी शहराला वेढा घातला. तो सप्टेंबर १६८६ पर्यंत चालला. शेवटचा सुलतान सिकंदर तेव्हा कोवळा तरुण होता. त्याच्या मदतीला गोवळकोंड्याहून फौज आली आणि संभाजी महाराजांनीही फौज पाठवली. एक हकीकत नोंदली गेली आहे. वेढ्याच्या काळात विजापूरचे उलेमा औरंगजेबाकडे गेले आणि त्यांनी विचारले, की मुसलमान बादशाह मुसलमानांच्या शहरावर युद्ध कसे लादतो? बादशाहने बोट दाखवले ते विजापूरने संभाजीला दिलेल्या आश्रयाकडे. तेव्हा विजापूरचा मुसलमान आणि रायगडचा मराठा तटाच्या एका बाजूला होते आणि दिल्ली दुसऱ्या बाजूला. शहर पडले. दोन-तीन वर्षांत प्लेगने उरलेली वस्तीही कमी केली. विजापूर राजधानी म्हणून पुन्हा उठले नाही.

आज आदिलशाही आणि औरंगजेब ही नावे एका दमात घेतली जातात, आणि त्यांचा हिशेब इथल्या मुसलमानाकडे मागितला जातो. मागणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही तोफेवरची ही नोंद दाखवावी.

तटाच्या आतच ताज बावडी आहे. दुसऱ्या इब्राहिमच्या काळात, १६२० मध्ये, ती बांधली गेली. विजापूर कोरड्या मुलखातले शहर. तोरवीकडून आणि दक्षिणेच्या बेगम तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणले जाई. दाब सांभाळण्यासाठी वाटेत उंच मनोरे होते, त्यांना गंज म्हणतात. १६५१ च्या पाणीयोजनेच्या शिलालेखात अफझलखानाचे नाव येते, आणि हा तोच सरदार असे मानले जाते. प्रतापगडाचा अफझलखान आपल्याला पाठ आहे. लोकांच्या पाण्यासाठी नळ घालणारा अफझलखान कुणी सांगत नाही. पहिला खोटा ठरवायची गरज नाही. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात बसतात, आणि इतिहास वाचणाऱ्याला ते बसवता आले पाहिजे.

शेवटी इब्राहिम रोजा. एका चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद, भिंतींवर दगडात कोरलेली अक्षरे. बादशाहची बेगम ताज सुलताना हिच्या हुकमाने हे काम झाल्याचे तिथला लेख सांगतो. संध्याकाळी इथे गर्दी कमी असते.

मुलांना सोबत न्यावे. घुमटाखाली त्यांना आरोळी ठोकू द्यावी, पण दाभोळचा याकूत, परांड्याची तोफ आणि अहमदनगरची चांदबीबी यांचीही गोष्ट सांगावी. नकाशावर विजापूर कर्नाटकात आहे. पण या तीन गावांचा इतिहास लिहायला बसलात तर विजापूरला वगळता येत नाही.