गुंजेचा एकोणिसावा भाग

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. अमेरिकेत एक छंद बराच चालतो. रायफल झाडली की उरलेली पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. घरी आणायची, साफ करायची, तिच्यात नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची, की झालं काडतूस तयार. याला रीलोडिंग म्हणतात. (दारू म्हणजे बंदुकीची. नातेवाईक वाचतात म्हणून आधीच सांगून ठेवतो!)

माझ्या एका सहकाऱ्याला हा नाद आहे. आमचं घराणं सोनारांचं हे कळल्यावर त्याने मला विचारलं, "दारू तोलायला कुठला काटा घेऊ?" प्रश्न साधा, पण त्याच्या मागे लागलो तो थेट दोनशे वर्षं मागे गेलो.

या छंदात गोळी आणि दारू आजही ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. ७००० ग्रेनचा एक पौंड, आणि एका ग्रॅममध्ये साधारण १५.४३ ग्रेन. आपल्याला हे माप परकं वाटतं, पण तसं ते नाही. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला आणि १८३५ चा कंपनीचा रुपया त्याच वजनाचा पाडला. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या गुंजा ९६. भागाकार करून बघा, एक गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा किंचित जास्त भरते. दारूच्या काट्याकडून अपेक्षा असते ती ग्रेनच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणजे गुंजेच्या एकोणिसाव्या भागाची!

इतकं बारीक तोलायची गरज पूर्वी नव्हती. जुनी काळी दारू मापाने भरत. १८७३ च्या .४५-७० या अमेरिकन काडतुसाच्या नावातच हिशेब आहे: गोळी .४५ इंच जाडीची, दारू ७० ग्रेन. थोडी कमीजास्त झाली तरी काळी दारू सांभाळून घेई. मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ती आली. चित्रच पालटलं. इंग्रजांच्या .३०३ काडतुसात आधी सत्तरेक ग्रेन काळी दारू असे, तिथे कॉर्डाइट तीसेक ग्रेनच पुरू लागलं. पुंगळी तीच, दारू निम्म्याहून कमी, जोर मात्र जास्त. आता जुन्या सवयीने पुंगळी काठोकाठ भरणं म्हणजे रायफल फोडून घेणं. आणि रायफल झाडताना ती गालाला टेकलेली असते, हे विसरू नका.

शिवाय नव्या दारूचे प्रकार अनेक. कुणाचे कण चपटे, कुणाचे नळीसारखे. एकाच मापात प्रत्येकाचं वजन वेगळं भरतं. म्हणून माप मागे पडलं आणि टेबलावर तराजू आला. (नावांवरही विसंबायची सोय राहिली नाही. .३०-३० मधला दुसरा आकडा दारूचे ग्रेन सांगतो, पण .३०-०६ मधले ०६ म्हणजे १९०६ साल!)

आता काटा कुठला? दोन जाती आहेत. एक दांडीचा. दांडी धारेवर टेकलेली असते आणि ती डुलत राहू नये म्हणून तिला लावलेला धातूचा पत्रा चुंबकांमधून फिरतो. वीज लागत नाही, पण वेळ लागतो. दुसरा इलेक्ट्रॉनिक. क्षणात आकडा दाखवतो, पण खोली गरम-गार झाली की त्याचं शून्य सरकतं. पंख्याचा वारा दोघांनाही चालत नाही. सोनार तराजूला काचेची पेटी करतात ती उगाच नाही.

पडद्यावर दशांशानंतर दोन आकडे दिसले म्हणजे काटा अचूक असं समजू नये. तो बारीक फरक दाखवेल, पण चुकीच्याच जागेवरून. आणि चूक किती महागात पडते हे दारूच्या वजनावर अवलंबून असतं. रायफलच्या ४५ ग्रेनमध्ये एक दशांश म्हणजे पाव टक्काही नाही, पण पिस्तुलाच्या तीन ग्रेनमध्ये तीन टक्क्यांहून जास्त.

मग विश्वास कशावर ठेवायचा? इथे एक गोष्ट आठवते. १६ ऑक्टोबर १८३४ ला लंडनच्या पार्लमेंटला आग लागली. हिशेबाच्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत जाळताना ती भडकली. त्या आगीत इंग्लंडचा प्रमाण पौंडच गेला. तो हरवलाच तर पाण्याच्या वजनावरून पुन्हा काढावा, अशी कायद्यात तरतूद होती. पण नेमलेल्या जाणकारांना ती पद्धत पुरेशी भरवशाची वाटली नाही. त्यांनी मूळ पौंडाशी पूर्वी ताडून ठेवलेल्या प्रती शोधल्या, आणि केंब्रिजच्या मिलर यांनी त्यांवरून नवा पौंड सिद्ध केला. १८५५ मध्ये तो कायदेशीर ठरला. साम्राज्याचं वजन वाचलं ते कुणीतरी आधी ताडून ठेवलं होतं म्हणून.

माझं उत्तर त्यामुळे सोपं होतं. काटा दांडीचा घे नाहीतर विजेचा, पण प्रमाणित वजनांचा एक छोटा संच आधी घे. त्यात जेवढी दारू भरणार तेवढ्याच्या आसपासचं वजन हवं. बसण्याआधी काटा ताडायचा, मध्ये ताडायचा, उठताना ताडायचा. आकडा हलला तर त्या दरम्यान भरलेलं सगळं पुन्हा तोलायचं.

बाकी आपल्याकडे सराफाच्या दुकानात आता 'तोळा' म्हणजे दहा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. शब्द तोच राहिला, वजन हललं! आजोळच्या मंडळींपैकी कुणाकडे जुनी तोळ्या-माशांची वजनं उरली असतील तर जरूर कळवा. चांगल्या काट्यावर ताडून बघू.