पैनगंगेकाठचा पक्षकार : माहूर परिसरातील न्यायप्रवेशाचा इतिहास

प्रस्तावना

न्यायसंस्थेचा इतिहास बहुधा न्यायमूर्तींचा, कायद्यांचा आणि इमारतींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पक्षकार त्यात क्वचितच येतो आणि आला तरी निकालपत्राच्या शीर्षकातील एक नाव म्हणून येतो. प्रस्तुत शोधनिबंधात नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील माहूर व किनवट परिसरातील पक्षकाराच्या बाजूने दोन प्रश्न विचारले आहेत. न्यायालय त्याच्यापासून किती दूर होते? आणि तेथील कागद त्याला कितपत वाचता येत होता? मराठवाड्याच्या न्यायव्यवस्थेवरील लेखनात औरंगाबाद खंडपीठाच्या मागणीला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे व ते रास्तच आहे. तथापि माहूरपुरते पाहिले असता ती कहाणी अर्धीच ठरते. अंतराचा प्रश्न काही अंशी सुटला, कागदाचा प्रश्न मात्र मागे राहिला, अशी या निबंधाची मांडणी आहे.

नदीचे दोन काठ, दोन अदालती

माहूर हे श्रीरेणुकादेवी व दत्तशिखर यांमुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले तीर्थक्षेत्र होय. पैनगंगेने या भागाला वळसा घातला असून नदीपलीकडे वऱ्हाडचा यवतमाळ जिल्हा लागतो. दोन्ही काठांवर नातीगोती एक, बाजार एक, यात्रा एक. अदालत मात्र वेगळी होती. 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1903 मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला आणि 1936 मध्ये नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले. त्या काठावरील कनिष्ठ न्यायालयांत मराठीला स्थान होते.

अलीकडचा काठ निजामाच्या राज्यात राहिला. तेथे 1880 च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. फारसी प्रजेला समजत नाही, हा या बदलामागील एक युक्तिवाद होता. पण मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने एक परकी लिपी जाऊन तीच लिपी दुसऱ्या भाषेच्या रूपाने परत आली, एवढाच काय तो फरक पडला. 1905 मध्ये आदिलाबाद जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा किनवट तालुका त्यात समाविष्ट झाला. त्यामुळे या भागातील स्थिती मराठवाड्याच्या इतर भागांहून अधिक गुंतागुंतीची झाली. लोकांच्या तोंडी मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी, दफ्तरात उर्दू. हैदराबाद संस्थानाने 1921 मध्ये न्यायखाते महसुली अधिकाऱ्यांपासून वेगळे केले. ब्रिटिश हिंदुस्थानातही जे सर्वत्र झाले नव्हते ते निजामाने केले, असा याचा गौरव केला जातो. हा गौरव अनाठायी नाही. मात्र मुन्सिफ स्वतंत्र झाला म्हणून फिर्यादीला आपली फिर्याद वाचता येऊ लागली नाही. ती अर्जनवीस लिहीत असे, पेशकार वाचत असे आणि फिर्यादी अंगठा उठवीत असे.

आदिवासींची अवस्था याहून बिकट होती. आदिलाबाद जिल्ह्यात जमिनीच्या व जंगलाच्या प्रश्नावर कोमराम भीम यांनी उठाव केला आणि 1940 मध्ये त्यात ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ यांच्याकडे या भागाच्या पाहणीचे काम दिले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा पट्टा नाही आणि पट्टा मागायचा कोठे, हे ठाऊक नाही, ही तेथील गोंड-कोलामांची मूळ अडचण होती. त्यांच्या बाबतीत उर्दूच्या जागी मराठी आणणे हाही अर्धाच उपाय होता, याकडे मराठी अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

सीमा बदलली, उच्च न्यायालय दूर गेले

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. आदिलाबादमधून किनवट व राजुरा हे दोन्ही तालुके नांदेड जिल्ह्यास जोडण्यात आले. राजुरा पुढे 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात गेला. 1960 च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाने विदर्भासाठी नागपूर येथील न्यायपीठाची तरतूद केली, तेव्हा राजुऱ्याचे दावे नागपूरकडे गेले. एकाच निजामी जिल्ह्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या या दोन तालुक्यांपैकी एकाला नागपूर मिळाले, दुसऱ्याला मुंबई. माहूरहून मुंबई सहाशे किलोमीटरांहून अधिक लांब; नागपूर त्याच्या निम्म्याहूनही कमी. भाषावार प्रांतरचनेचा लाभ सांगताना हा तपशील सहसा सांगितला जात नाही. हैदराबादचे उच्च न्यायालय परभाषी खरे, पण माहूरकराला मुंबईपेक्षा ते जवळ होते!

मराठवाड्यातील वकील व लोकनेते यांनी खंडपीठाची मागणी लावून धरली. अखेर मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना अधिनियम, 1956 च्या कलम 51(3) अन्वये ऑगस्ट 1981 मध्ये औरंगाबाद येथे न्यायमूर्तींच्या बैठकीचा आदेश काढला. त्यास आव्हान देण्यात आले. 1960 नंतर निर्माण झालेल्या महाराष्ट्राला 1956 चे हे कलम लागू होते काय, हा वादाचा मुख्य मुद्दा होता. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये तो अधिकार कायम असल्याचा निर्वाळा दिला आणि ऑगस्ट 1984 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने कायमस्वरूपी खंडपीठ स्थापन झाले. याच कलमाच्या आधारे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले. मराठवाड्याने लढून मिळविलेल्या निर्णयाचा लाभ पश्चिम महाराष्ट्राला चार दशकांनी मिळाला, असे म्हणता येईल.

खंडपीठाने माहूरचे अंतर निश्चितच कमी केले. तरीही औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, माहूरहून तीनशे किलोमीटरांपलीकडे आहे आणि नागपूर त्यापेक्षा जवळ आहे. अधिकारक्षेत्र जिल्ह्याच्या सीमेने ठरते, एस.टी.च्या मार्गाने नव्हे.

नकलेचा प्रश्न

न्यायप्रवेश म्हणजे केवळ न्यायालयाच्या दारापर्यंत पोहोचणे नव्हे. आपल्या प्रकरणात काय लिहिले गेले, हे कळणे हा त्याचा दुसरा आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग आहे. त्याचे साधन म्हणजे नक्कल. पक्षकाराला अर्ज करून व शुल्क भरून नक्कल मिळते. त्रयस्थास कारण दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात असे ठरविले की, न्यायिक अभिलेखाच्या प्रमाणित नकला माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली नव्हे, तर न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्या लागतील. पारदर्शकतेचे जे दार तहसील कचेरीत उघडले, ते न्यायालयाच्या अभिलेख कक्षापाशी वेगळ्या चौकटीचे झाले. न्यायालयाची कार्यपद्धती लक्षात घेता या निर्णयामागील तर्क समजण्याजोगा आहे. परंतु कारण लिहिता न येणाऱ्या माणसाचा विचार त्यात दिसत नाही.

जमिनीच्या दाव्यात हा प्रश्न विशेष जाणवतो. मराठवाड्यात 1954-55 चे खासरा पत्रक आजही पुरावा म्हणून दाखल होते. इनामी जमीन असल्यास मुंतखब शोधावा लागतो. माहूरसारख्या तीर्थक्षेत्री देवस्थान, मठ व दर्गा यांच्या जमिनींमुळे ही वेळ वारंवार येते. हे कागद अनेकदा उर्दूत, घाईच्या शिकस्ता वळणात लिहिलेले असतात आणि त्यांवरील वर्ष फसली असते. त्यात 590 मिळविल्यावर इसवी सन साधारणतः जुळतो, हे जाणणारी मंडळी तालुक्याच्या ठिकाणी आता मोजकीच उरली आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दफ्तर वाचणाऱ्यांची उणीव साऱ्या राज्याला दिसली. माहूरच्या कुळाला ती आधीपासूनच ठाऊक होती.

1998 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजीच आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा नोव्हेंबर 1995 मध्ये अंमलात आला. त्याच्या कलम 12 नुसार स्त्रिया व अनुसूचित जमातींच्या व्यक्ती उत्पन्नाच्या अटीविना विनामूल्य वकिलास पात्र आहेत. 2015 पासून राष्ट्रीय न्यायिक विदा ग्रिड सर्वांसाठी खुले असून सोळा अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की पुढील तारीख भ्रमणध्वनीवर दिसते. तारखेपुरती विचारपूस करण्यासाठी होणारी एस.टी.ची फेरी त्यामुळे वाचू शकते, ही लहान गोष्ट नाही.

मात्र एकाच वादग्रस्त शेताचा मुंतखब उर्दूत, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मराठीत आणि अपिलाचा निर्णय इंग्रजीत असतो. ते शेत कसणारे कुटुंब कोलाम असेल, तर घरात बोलली जाणारी भाषा या तिन्हींपैकी एकही नसते.