अन्ननलिका व जठर यांच्या कर्करोगांचे वर्गीकरण : एका सीमेचा इतिहास

भीमा व नीरा यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे पुणे जिल्ह्याचे पूर्वेकडील टोक होय. नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. १९७३ साली पुणे शहरासाठी कर्करोगाची नोंदणी सुरू झाली आणि १९८७ साली बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांसाठी बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. दोहोंच्याही मूळ क्षेत्रांत नरसिंहपूर बसत नाही. गणना करावयाची तर कोठेतरी रेषा आखावी लागते. परंतु ती रेषा गणकाच्या सोयीची असते, रोगाच्या नव्हे. शरीराच्या बाबतीतही वैद्यकाने अशीच एक रेषा दीर्घकाळ प्रमाण मानली. अन्ननलिका जेथे जठरास मिळते, तेथील ती रेषा.

ह्या रेषेला लोकभाषेत स्थान नाही. मराठीतील ‘पोट’ हा शब्द जठर, आतडी व गर्भाशय ह्या सर्वांना सामावून घेतो. ‘पोटात गाठ झाली’ एवढ्यावरून कोणता अवयव बिघडला ते कळत नाही. आयुर्वेदातील ‘गुल्म’ व ‘अर्बुद’ ह्या संज्ञाही बाह्य लक्षणांवर आधारलेल्या आहेत. ‘कर्करोग’ हा तर खेकडा ह्या अर्थाच्या ग्रीक-लॅटिन शब्दाचा अनुवाद. त्या नावात आकाराची उपमा आहे, कारणाचा निर्देश नाही. अवयवाच्या नावाने रोग ओळखणे ही त्या मानाने मोठी प्रगती होती, हे मान्य केले पाहिजे.

पुढील पाऊल सूक्ष्मदर्शकाने टाकले. १९६५ साली फिनलंडमधील पेक्का लाउरेन यांनी जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार सांगितले : आतड्याच्या अस्तरासारख्या ग्रंथी रचणारा एक, आणि विखुरलेल्या पेशींनी भिंतीत पसरणारा दुसरा. अन्ननलिकेतही खवल्यांसारख्या चपट्या पेशींचा व ग्रंथिजन्य पेशींचा असे दोन प्रकार वेगळे काढले जात. भारतात त्यांपैकी पहिलाच अधिक आढळतो.

तथापि अवयवाची चौकट ओलांडणारा एक विचार मुंबईत ह्यापूर्वीच झाला होता. एल. डी. संघवी, के. सी. एम. राव व वसंत रामजी खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तंबाखू ओढणे व चघळणे यांचा अन्नमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगांशी असलेला संबंध तपासला. मुख, घसा व अन्ननलिका यांस त्यांनी एका प्रश्नाखाली आणले. त्यांच्या विचाराचा धागा अवयव नसून सवय हा होता. तंबाखूचा रस व धूर जेथून जातो, तो मार्ग त्यांच्या दृष्टीने एक होता.

२०१४ साली अमेरिकेतील कर्करोग-जनुकसंच प्रकल्पाने २९५ जठरार्बुदांची तपासणी करून चार गट मांडले. सुमारे ९ टक्के अर्बुदांत एपस्टाइन-बार विषाणू आढळला. सुमारे २२ टक्क्यांत डी.एन.ए.च्या प्रती काढताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झाली होती. सुमारे २० टक्क्यांत गुणसूत्रे बव्हंशी स्थिर होती. लाउरेन यांचा विखुरलेला प्रकार प्रामुख्याने ह्यांत आला. उरलेल्या निम्म्या अर्बुदांत गुणसूत्रांची संख्या व रचना अस्ताव्यस्त झालेली होती. सूक्ष्मदर्शकाचा जुना निवाडा रद्द न होता अंशतः टिकला, ही बाब लक्षणीय होय.

२०१७ साली त्याच प्रकल्पाने अन्ननलिकेकडे दृष्टी वळवली, आणि जुनी रेषा येथे डळमळली. अन्ननलिकेतील ग्रंथिजन्य कर्करोग जठराच्या चौथ्या गटाशी इतका जुळला की त्या दोहोंमध्ये स्पष्ट सीमा आखता येईना. उलट चपट्या पेशींचा कर्करोग त्याच नलिकेतील ग्रंथिजन्य कर्करोगापेक्षा मस्तक व मान यांच्या कर्करोगांच्या अधिक जवळचा ठरला. एकाच नलिकेतील दोन रोगांची नाती अशी दोन विरुद्ध दिशांना गेली. संघवी-खानोलकरांनी हे आधीच जाणले होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जनुकांविषयी त्यांनी काही म्हटले नव्हते. परंतु अन्ननलिकेस जठराऐवजी मुखाच्या पंक्तीस बसवण्याचा त्यांचा मार्ग चुकीचा नव्हता, एवढे निश्चित.

ह्या नामभेदावर उपचार अवलंबून असतो. हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर असलेल्या जठराच्या व संधिस्थानाच्या प्रगत कर्करोगात ट्रास्टुझुमॅब ह्या औषधाने आयुष्य वाढते, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. इतरांस त्या औषधाचा उपयोग नाही. दुरुस्ती-यंत्रणा निकामी झालेल्या गटास प्रतिकारशक्ती चेतवणारी औषधे विशेष लागू पडतात. म्हणजे गट ठाऊक नसेल तर योग्य औषध निवडणेही दुरापास्त होते.

येथे बार्शीच्या पद्धतीचे महत्त्व कळते. केवळ रुग्णालयाच्या दप्तरावर विसंबून ग्रामीण भागातील रोगी हाती लागणार नाहीत, हे ओळखून तेथील कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित लक्षणे असलेल्यांस तपासणीस पाठवू लागले. ‘घास अडकतो’ हे वाक्य अशा संभाषणातच प्रथम उच्चारले जाते. त्यानंतर दुर्बिणीने तपासणी व्हावी, ऊतीचा तुकडा निघावा, तो नीट जतन व्हावा, आणि मग कोठे जनुकांची परीक्षा. ह्यांपैकी एक पायरी जरी चुकली तरी चार गटांपैकी कोणतेही नाव रोग्यास मिळत नाही. नोंदीत ‘पोटाचा रोग’ एवढेच उरते.