शेरा आणि गोपनीयता : मराठी मुलखातील सेवक-मूल्यमापनाचा एक ऐतिहासिक मागोवा

सेवकाच्या कामाविषयी वरिष्ठाने लिहिलेला शेरा हा प्रशासनाच्या इतिहासात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. बोचऱ्या शेऱ्यांचे किस्से कचेऱ्यांतून चवीने सांगितले जातात. मात्र तो शेरा मुळात कोणी वाचावयाचा होता, हा प्रश्न त्या हशात मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

शिवकालीन पत्रांतील भाषा मुळीच मवाळ नाही. पद्मदुर्गास रसद पोहोचविण्यात कुचराई करणारा प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास 1675 मध्ये गेलेल्या पत्रात, हबशाने तुम्हास काही देऊन फितविले की काय, असा उपरोधिक सवाल आहे. ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही, अशी तंबीही आहे. चिपळूणच्या लष्करी अंमलदारांना 1673 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तर दिव्याची जळती वात पळविणाऱ्या उंदरापर्यंत इशारा जातो. हे शब्द जिव्हारी लागणारे आहेत. परंतु ते ज्याच्याविषयी आहेत, त्यालाच उद्देशून लिहिलेले आहेत. त्याला उत्तर देता येत होते, चूक सुधारता येत होती.

इंग्रजी अमदानीत ही दिशा बदलली. कनिष्ठाविषयीचे मत आता वरच्या वरिष्ठास, बंद लखोट्यातून कळविले जाऊ लागले. बढती व बदली वरिष्ठाच्या मर्जीवर अवलंबून असली म्हणजे काय घडते, हे 1888 च्या क्रॉफर्ड प्रकरणात उघड झाले. मध्य विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड याच्यासाठी बढती-बदलीपोटी पैसे मोजल्याच्या साक्षी अनेक मामलेदारांनी अभयवचन घेऊन दिल्या. चौकशी आयोगाने लाचखोरी सिद्ध झाली नाही असे ठरविले. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष मात्र ठेवला, आणि क्रॉफर्ड सेवेतून गेला. मर्जीला भाव फुटतो तो असा! 1906 मध्ये खानदेशाचे विभाजन झाल्यावर पाचोरा तालुका ज्या पूर्व खानदेश जिल्ह्यात आला, तो जिल्हाही याच मध्य विभागात मोडत असे.

स्वातंत्र्यानंतरही गोपनीय अहवालाची चौकट टिकून राहिली. प्रतिकूल शेरा सेवकास कळविल्याशिवाय व त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याच्या आधारे बढती नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरदियाल सिंग फिज्जी प्रकरणात 1979 मध्ये स्पष्ट केले. तरी एक पळवाट उरलीच. सीमा मार्ग संघटनेतील कार्यकारी अभियंता देव दत्त यांना 1993-94 या वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल मानला जात नसल्याने तो त्यांना कळविण्यात आला नाही, आणि त्याच कौतुकाच्या शब्दाने त्यांची बढती अडली. कोणत्याही विनोदी शेऱ्यास लाजवील असा हा प्रकार होय. प्रत्येक शेरा कळविलाच पाहिजे, असा निर्णय 2008 मध्ये झाला तेव्हा देव दत्त सेवानिवृत्त झालेले होते.

पुढे केंद्राने 2009 मध्ये व महाराष्ट्र शासनाने 2011 मध्ये संपूर्ण अहवाल सेवकास दाखविण्याची पद्धत स्वीकारली. परिणामी शेऱ्यांची भाषा गुळमुळीत झाली. ‘समाधानकारक’, ‘कर्तव्यदक्ष’ हे शब्द कामसू आणि कामचुकार अशा दोघांच्याही वाट्यास सारखेच येतात. नकारार्थी मत नोंदविले तर त्याचे समर्थन करावे लागते. त्यापेक्षा गुण देऊन मोकळे होणे सोपे. पाचोऱ्याच्या कचेरीत काय किंवा मुंबईच्या मंत्रालयात काय, खरे मत आता कागदावर न उतरता चहाच्या टेबलावर सांगितले जाते, आणि ते ज्याच्याविषयी असते तो तेथेही बहुधा हजर नसतो.