बाबागाडीची मूठ

सायंकाळी नांदेडास गोदावरीच्या घाटाकडे किंवा लातुरास एखाद्या बागेकडे फिरावयास निघालेली कुटुंबे पाहिली, तर त्यांत एखादी तरी बाबागाडी हल्ली दृष्टीस पडतेच. आपले लक्ष साहजिकच आत बसलेल्या बाळाकडे जाते. पण क्षणभर ढकलणाऱ्याकडे पाहावे. बाप उंच असला तर तो पाठीतून वाकलेला असतो, आणि मागच्या आसावर पाऊल आपटू नये म्हणून हात लांब करून गाडीपासून अंतर राखून चालतो. थोड्या वेळाने तो गाडी पत्नीच्या हाती देतो. ती ठेंगणी असेल तर तीच मूठ तिच्या कोपराच्या वर येते, खांदे उचलले जातात, आणि चाक दगडास अडले की गाडी पुढच्या अंगास कलू पाहते. मग आजीची पाळी येते, आणि तिला मूठ आणखी उंच होते. गाडी एक, मूठ एक, आणि ती धरणारे हात तीन निरनिराळ्या उंचींवरचे! ही अडचण क्षुल्लक दिसते खरी. तथापि तिच्या मागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या घरांविषयीही विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

मुलांच्या गाडीचा आरंभ बहुधा १७३३ सालापासून धरतात. त्या वर्षी विल्यम केंट या इंग्रज कलावंताने डेव्हनशायरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची एक गाडी रचली. ती ओढावयाची होती शेळीने किंवा लहान तट्टाने. गाडीस मूठच नसल्यामुळे आईबापांच्या उंचीचा प्रश्न उद्भवत नव्हता. आमच्या लातूर-उदगीर भागातील उस्मानाबादी शेळी दुधासाठी व मांसासाठी नावाजलेली आहे. पण तिला पोराच्या गाडीस जुंपावे असे कोणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. आमच्याकडे मूल माणसाच्या अंगावरच वाढे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात ही गाडी पुढून ओढण्याऐवजी मागून ढकलण्याची रीत पडली. चार्ल्स बर्टन याने १८५३ साली अशा गाडीचे पेटंट घेतले, आणि तिला ‘पेरॅम्ब्युलेटर’ हे नाव मिळाले. त्याचेच पुढे ‘प्रॅम’ झाले. गमतीची गोष्ट अशी की, हिंदुस्थानात रस्त्यांची लांबी मोजण्यासाठी भूमापक जे चाक ढकलीत नेत, त्यासही हेच नाव होते. त्या चाकाने रस्ते मोजले. या नव्या गाडीने मात्र ढकलणाऱ्यास मोजण्याची तसदी घेतली नाही. त्याचे कारणही उघड आहे. सुखवस्तू इंग्रज घरात गाडी ढकलण्याचे काम बहुधा पगारी दाईचे असे. आई क्वचित आणि बाप तर अपवादानेच मुठीस हात लावी. जी वस्तू एकाच प्रकारच्या माणसाने वापरावयाची, तिची मूठ एकदा पक्की बसविली की काम संपले.

पुढील सुधारणांकडे पाहिले तरी हेच दिसते. १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन याने पाळण्याचा भाग फिरविता येईल अशी गाडी पेटंट केली. बाळाचे तोंड आईकडे करता आले, ही मोठीच सोय झाली. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या विमानविद्येतील इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी, सुमारे पावणेतीन किलो वजनाची गाडी तयार केली. विमानाची चाके पोटात कशी दुमडावी याचा अनुभव त्यास येथे उपयोगी पडला. बाळाची नजर, गाडीचे वजन, तिची घडी या साऱ्यांचा विचार आधी झाला. मूठ वरखाली करता यावी हा विचार रूढ झाला तो त्यानंतर. कारण एकच गाडी आई आणि बाप या दोघांनीही ढकलावयाची, ही कल्पनाच समाजात उशिरा रुजली.

आता आपल्याकडे वळू. मराठवाड्यातील काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीची चाकेसुद्धा रुततात. तेथे लहान चाकांची गाडी कोण नेणार? मूल आईच्या कडेवर, बापाच्या खांद्यावर, शेतात झाडास टांगलेल्या झोळीत, नाही तर डोक्यावरच्या पाटीत असे. या पद्धतीत कष्ट होतेच, आणि ते बहुतांशी बाईच्या वाट्यास येत; पण एक गुण होता. उचलणाऱ्याचे शरीर हेच वाहन असल्यामुळे उंच-ठेंगण्याचा प्रश्न आपोआप सुटे. गंगाखेडच्या जनाबाईने विठ्ठलास लेकुरवाळा कल्पिले, तेव्हा संतांपैकी कोणी त्याच्या खांद्यावर, कोणी कडेवर, तर कोणी बोट धरून चालणारे दाखविले; ज्या लेकरास जी जागा सोयीची ती त्यास दिली.

चाकांचे एकच वाहन आपल्या लेकरांस ठाऊक होते, ते म्हणजे पांगुळगाडा. त्याची लाकडी दांडी उभ्या राहू लागलेल्या मुलाच्या छातीशी येईल अशी सुतार बसवी. या गाड्यात ढकलणारा आणि ज्याच्यासाठी गाडी तो, हे दोघे एकच. म्हणून ज्याचा हात त्याचे माप, हा साधा न्याय तेथे पाळला गेला.

बैलांच्या बाबतीतही आपला शेतकरी हा न्याय विसरत नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी किंवा देवणी बैलांची जोडी घेणारा मनुष्य दात पाहतो, खूर पाहतो, आणि दोघांची उंचीही पाहतो. एक बैल उंच व एक ठेंगणा असला की जू तिरपे बसते, एकाच्या मानेवर भार जास्त येतो आणि खांदा सुजतो. नवराबायकोची जोडी अशी मापून जुळवीत नाहीत, आणि जुळवूही नये. परंतु मग जू तरी दोघांस सोसेल असे पाहावयास नको काय?

थोडा हिशेब करू. राष्ट्रीय पाहण्यांप्रमाणे भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि पुरुषाची सुमारे १६५ आहे. उभ्या माणसाचे कोपर जमिनीपासून त्याच्या उंचीच्या पाच अष्टमांशांच्या आसपास असते. म्हणजे तिचे ९५ आणि त्याचे १०३ सेंटिमीटरांवर. मूठ कोपराच्या किंचित खाली असली की हात ताठत नाही, पाठ वाकत नाही. सरासरी जोडप्यात हा फरक चार बोटांचा झाला. नेदरलंड्समधील तरुण पुरुष सरासरी १८३ सेंटिमीटर उंच; त्याचे कोपर ११४ वर जाते. तशा माणसाच्या मापाने केलेली गाडी आमच्या सूनबाईच्या हाती आली, तर दोष तिच्या उंचीचा म्हणावयाचा की गाडीचा?

आणि उंची ही तरी केवळ रक्तातून येते असे नाही. १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया दक्षिण कोरियात सरासरी २० सेंटिमीटरांनी उंच निघाल्या. रक्त तेच होते, बदलले होते ते अन्न आणि आरोग्य. पहिल्या दोन-तीन वर्षांतील पोषणाचा तर उंचीवर फार मोठा परिणाम होतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील आया रस्त्यांच्या कामावर खडी फोडीत होत्या. लेकरू जवळच झोळीत असे, आणि सुकडीवर दिवस निघत. त्या झोळीतील लेकरे आज आजीआजोबा झाली आहेत. बागेत नातवाची गाडी ढकलणाऱ्या ज्या आजीस मूठ उंच होते, तिच्या तोकड्या उंचीत त्या वर्षांचाही अंश असू शकेल. तिने गाडीशी जमवून घ्यावे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

राहता राहिला बाप. दोन-तीन पिढ्यांपूर्वी एकत्र कुटुंबात वडील माणसांदेखत बापाने आपले मूल उचलणे अमर्यादा समजले जाई. पुतण्यास मांडीवर घेता येई. स्वतःच्या मुलाकडे चोरून पाहावे लागे. तो बाप आज भर रस्त्यात गाडी ढकलतो, आणि त्यास कोणी हसत नाही. हा बदल लहान नाही. तो टिकावयाचा तर ‘माझी पाठ भरून येते, तूच धर’ असे म्हणावयास त्यास सबब राहू नये. आणि आईसही ‘माझा हात पोहोचत नाही’ म्हणून घरी बसावे लागू नये.

तेव्हा गाडी विकत घ्यावयास जाताना बाळाबरोबर घरातील सर्व ढकलणाऱ्यांस दुकानात न्यावे आणि प्रत्येकाने चार पावले गाडी चालवून पाहावी. मूठ वरखाली होत असल्यास उत्तम. ती पक्की असल्यास, जो सर्वांत अधिक वेळ ढकलणार त्याच्या कोपराचे माप प्रमाण धरावे, मग ती आई असो, बाप असो की आजी. मराठीत ‘बाबा’ हा शब्द लेकरासही लागतो आणि बापासही. ‘बाबागाडी’ हे नाव देणाऱ्यांच्या मनात लेकरूच होते. दुसरा अर्थ तिला आपल्या पिढीत लाभला आहे. तिसऱ्या कोणास, म्हणजे आईला आणि आजीला, तिच्या नावात जागा नसली तरी मुठीवर असावी, एवढेच मागणे आहे.