परतीच्या वाटेवरचें घर

रोग बरा होणें आणि रोगी घरीं परतणें या दोन गोष्टी आपण सामान्यतः एकच समजतों. विषमज्वरांतून उठलेला मनुष्य चार दिवस मऊ भात खातो, भिंतीच्या आधारानें ओसरीवर येऊन बसतो आणि महिन्याभरांत आपल्या उद्योगास लागतो. कारण घर त्याची वाट पाहात असतें. पण ज्याच्या घरानें दार लावून घेतलें आहे, त्यानें बरें होऊन जावें कोठें? कुष्ठरोग्याच्या बाबतींत हा प्रश्न औषधाच्या प्रश्नाइतकाच बिकट ठरला, आणि त्याचें एक उत्तर चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्याच्या माळावर घडत गेलें. तें उत्तर कितपत पुरें पडलें, हें येथें पाहावयाचें आहे.

जुन्या काळीं हा प्रश्न उद्भवतच नव्हता. रोगास उतार नव्हता, तेव्हां परतीची वाटही नव्हती. मुंबईस माटुंगा येथें म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनीं १८९० सालीं निराधार कुष्ठरोग्यांसाठीं निवास उभारला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें मराठी पोवाडे जमवून छापणारे साहेब ते हेच. पुढें १८९८ च्या कायद्यानें, उघड्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यास पकडून आश्रमांत ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. कोणाचा हेतु दयेचा असो वा बंदोबस्ताचा, या निवासांस आंत येण्याचें दार होतें; बाहेर जाण्याच्या दाराची कोणास गरज भासली नव्हती.

विदर्भांत या बाबतींत एक महत्त्वाचें पाऊल वर्ध्यास पडलें. मनोहर दिवाण यांनीं १९३६ सालीं दत्तपूर येथें कुष्ठधाम काढलें. परचुरेशास्त्री हे संस्कृतज्ञ पंडित या रोगानें जर्जर होऊन सेवाग्रामांत आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस आश्रमांत ठेवून घेतलें व स्वतःच्या हातांनीं त्यांचें अंग चोळलें. औषध हातीं येण्यापूर्वींच स्पर्शाचें भय घालविण्याचा तो प्रयत्न होता. इकडे १९४१ सालीं अमेरिकेंतील कारव्हिल येथें सल्फोन जातीच्या औषधांचा गुण दिसून आला, आणि दहा वर्षांच्या आंत तीं औषधें आपल्या देशांतही वापरांत आलीं. आतां प्रथमच बरा झालेला कुष्ठरोगी समाजापुढें उभा राहणार होता.

नेमक्या याच संधिकालांत मुरलीधर देविदास आमटे पुढें आले. वरोऱ्याचे हे वकील नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि भंगी कामगारांची संघटना चालवीत होते. एकदां पावसांत गटाराकांठीं पडलेला तुळशीराम नांवाचा कुष्ठरोगी पाहून ते भयानें पळाले. मग त्या भयाचीच लाज वाटून परत फिरले. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली, कलकत्त्यास जाऊन या रोगाचें शिक्षण घेतलें आणि वरोऱ्यानजीकच्या ५० एकर खडकाळ रानांत, पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, सहा रोगी, एक लंगडी गाय व १४ रुपये एवढ्या भांडवलावर संसार मांडला. १९५१ सालीं विनोबांच्या हस्तें आनंदवनाचें उद्घाटन झालें.

येथें रोग्यास प्रथम विहीर खणावयास लावलें. वरवर निष्ठुर वाटणाऱ्या या रीतींत मोठें मर्म होतें. कुष्ठरोगांत हाताची संवेदना जाते. तापलेलें भांडें किंवा कुदळीचा दांडा कातडें सोलून काढतो तरी हाताच्या धन्यास कळत नाहीं. अशा हातास काम द्यावयाचें तर काम नव्यानें शिकवावें लागतें. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं आंखडलेलीं बोटें शस्त्रक्रियेनें सरळ केलीं, तेव्हां रोगी परत येऊन गाऱ्हाणें सांगूं लागले कीं, हात सुधारल्यामुळें भीक मिळेनाशी झाली आहे! यांतूनच डॉ. ब्रँड यांनीं तेथें धंदेशिक्षणाची वसति काढली. आनंदवनांत शेती, दूध, हातमाग अशीं कामें वाढत गेलीं. पुढें अपंगांसाठीं संधिनिकेतन निघालें. पण माल पिकविणें एक आणि खपविणें दुसरें. येथील भाजीस गिऱ्हाईक मिळेना. परदेशांतून आलेल्या स्वयंसेवकांनीं रोग्यांबरोबर राबून तीच भाजी खाल्ली, तेव्हां कोठें वरोऱ्याच्या लोकांचें भय मोडलें.

येथवर कथा सुखाची आहे. परंतु खरा पेंच पुढेंच आहे. माणसें बरीं झालीं, हातीं कसब आलें, तरी पुष्कळांना गांव परत घेईना. वाटेवरची धर्मशाळा म्हणून जी जागा उभी राहावयाची, तिचें गांव झालें. तेथें लग्नें लागलीं आणि म्हातारपणेंही तेथेंच सरलीं. बाहेरचें दार उघडें होतें. पण त्यापलीकडे रस्ता नव्हता.

तेव्हां या मंडळींनीं नवीच वाट पाडली. १९६७ पासून मूल तालुक्यांत सोमनाथच्या जंगलांत बऱ्या झालेल्या रोग्यांनीं शेती उभी केली, आणि तेथील श्रमसंस्कार छावणीस दर उन्हाळ्यांत निरोगी घरांतील तरुण मुलें घाम गाळावयास येऊं लागलीं. १९७३ सालीं भामरागडच्या रानांत हेमलकसा येथें माडिया लोकांसाठीं लोकबिरादरी प्रकल्प निघाला. हा मुलूख १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. तेथील आरंभींच्या बांधकामांतही आनंदवनांत बरे झालेले हात राबले. ज्यांस स्वतःच्या गांवांत ठाव मिळाला नाहीं, त्यांनीं परक्यांसाठीं दवाखाना उभारावा, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि त्यांच्या या पराक्रमानें आपलें देणें फिटत नाहीं. १९८० नंतरच्या एकत्रित औषधयोजनेनें रोग सहा महिन्यांत वा वर्षांत बरा होतो. कायदा मात्र मागें रेंगाळला : १८९८ चा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडलें, आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ सालीं वगळला गेला. आजही महाराष्ट्रांत नवे रुग्ण अधिक आढळणाऱ्या जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली यांची गणना होते.

आनंदवन पाहून परतणारा सुशिक्षित गृहस्थ भारावून जातो. तो तेथील हातमागाची सतरंजी विकत घेतो, देणगीची पावती फाडतो आणि घरीं चार लोकांस ती हकीकत सांगतो. यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु तेथें बरा झालेला एखादा विणकर उद्यां त्याच्याच गल्लींत रिकामी खोली भाड्यानें मागावयास आला, तर काय होईल? आनंदवनास जें साधलें नाहीं, तें या खोलीच्या दारापाशीं अडलेलें आहे. आणि त्या दाराची किल्ली वरोऱ्यास नाहीं, आपल्यापाशीं आहे.